शाई न पिणारा कागद

आमच्या घरात कागदावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. लोकांचे नवरे दारू पितात, पत्ते कुटतात, निदान शेजारणीशी हसून बोलतात. माझा नवरा कागद हुंगतो. लाल दिव्याखाली फोटोच्या कागदाचं पाकीट फोडायचं, एक तुकडा काढून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, नाकाशी धरायचा आणि "अहाहा" म्हणायचं. माझ्या हातच्या जेवणाला असलं "अहाहा" मी तरी कधी ऐकलेलं नाही.

हा लाल दिवा आमच्या न्हाणीघरात आहे. हे जन्मभर एका फोटो स्टुडिओत नोकरीला होते. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालक एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करून छापायचं यंत्र, भंगारात घालायला निघाला होता. ह्यांनी तो उचलून आणला आणि न्हाणीघरात फळी ठोकून तिच्यावर बसवला. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळीला जायचं तर आधी दार वाजवून आत अंधार चाललाय की उजेड, ते विचारावं लागतं.

बरं, असं वेड लागलेले हे एकटेच नाहीत. गावोगावी विखुरलेले आणखी काही आहेत आणि त्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून काही वेळा प्रत्येकाने एक फोटो स्वतःच्या हाताने पोस्टकार्डाच्या आकारात छापायचा, मागे चार ओळी लिहायच्या, तिकीट लावायचं आणि बाकीच्यांना पाठवायचा. पाकिटात घालायचा नाही. पाकीट म्हणजे मंडळाच्या लेखी भ्याडपणा. कार्डाने उघडंच जायचं, शिक्के खायचे, कोपरे दुमडून घ्यायचे आणि तरी शहाण्यासारखं पोचायचं. म्हणून सगळा जीव कागदात. कुठला कागद पोस्टाचा मार खाईल, कुठल्या कागदाचा काळा खरा काळा येईल, कुठल्यावर मागून लिहिता येईल, ह्यावर ह्या म्हाताऱ्यांचे फोन चालतात. ऐकणाऱ्याला वाटावं, मुलीसाठी स्थळ बघतायत.

ह्या वेळचा फोटो मात्र नेहमीसारखा पुलाचा, सायकलचा किंवा झोपलेल्या मांजराचा नव्हता. आमच्या घरातल्या एका खोलीचा होता. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला पलंग, पलंगावर पांढरी चादर, आणि चादरीवर सकाळचं ऊन. ही खोली आम्ही आक्कांसाठी तयार केली होती, म्हणून एक कार्ड त्यांनाही जायचं होतं.

आक्का म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा आक्का छापखान्यात खिळे जुळवायला लागल्या आणि त्या पगारावर त्यांनी ह्यांना वाढवलं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "एक बाळ्या सांभाळला, तेवढा पुरे." साठी उलटलेल्या माझ्या नवऱ्याला त्या अजून बाळ्याच म्हणतात. छापखान्यातल्या नोकरीमुळे त्यांना उलटी अक्षरं सरळ अक्षरांइतकीच वाचता यायची. समोर बसलेल्या माणसाच्या हातातला पेपर त्या मागून, उजेडात आरपार दिसेल तसा उलटा वाचायच्या आणि त्याच्या आधी बातमी सांगून मोकळ्या व्हायच्या.

आणि बोलायला? फटकळपणात मी कुणाला हार जात नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलीय, माणसाला आवाजावरून ओळखून त्याच्या आवाजात उत्तर द्यायची सवय आहे. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आईच म्हणायची. पण आक्का माझ्या वरताण. लग्न होऊन आल्यावर मी आठवडाभर गोड बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे आता. खरं बोल, म्हणजे मलाही बोलता येईल." त्या दिवसापासून आम्ही दोघी भेटलो की तोफा सुरू. त्या माझ्या पसाऱ्याला नावं ठेवायच्या, मी त्यांच्या चिक्कूपणाला. हे मधे बसून हसायचे. खोटं कशाला बोलू, आक्का परत गेल्या की घर दोन दिवस सपक लागायचं.

पण भेट वेगळी आणि मुक्काम वेगळा. आक्का राहत होत्या ती जागा मालकाने विकली आणि सगळ्यांना निघायला सांगितलं. हे नुसते जेवेनासे झाले. शेवटी मीच म्हटलं, "आणा त्यांना इकडे. मुलाची खोली आहे ना." आमचा मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यापासून त्या खोलीत मी बसत असे. टेबल, रेडिओ, एक आरामखुर्ची, आणि आतून लावता येणारं दार. नोकरी, संसार, सगळं उरकल्यावर कडी लावून बसायला मिळालेली ती माझी पहिली जागा. ती मी आपणहून सोडली, कुणी माझा हात पिरगाळला नव्हता.

मात्र एकदा मोठं मन दाखवलं की त्यानंतर थोडी कुरकुर करायचा माणसाला हक्क असतो, असं माझं मत होतं. टेबल बाहेर काढताना एक बाजू ह्यांनी धरली होती, एक मी. दाराच्या चौकटीत ते अडकलं. माझं बोट चेपलं. तेव्हा मी म्हटलं, "पाहुणे निदान परत जातात. आक्का जातील त्या एकदाच."

ह्यांना इतकं हसू आलं की त्यांनी टेबल खाली ठेवलं. "काय म्हणालीस? परत म्हण." मी परत म्हटलं. वाक्य जमलं होतं, मलाही ते कळत होतं, आणि बोट दुखत असूनही मला बरं वाटलं.

फोटो काढला त्या आठवड्यात हे माझ्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवत होते. आक्कांना आणायला मी हो म्हटल्यामुळे माझा भाव वधारलेला होता. कागद निवडायची वेळ आली तेव्हा तीन पाकिटं माझ्यासमोर मांडून हे म्हणाले, "तूच सांग ह्या वेळी."

पहिला जाड, फायबरचा. ह्यांचा लाडका. त्यावर काळा असा येतो की हात घालावा. पण धुवायला तासभर नळ सोडून ठेवावा लागतो, आणि वाळताना तो कुत्र्याच्या शेपटासारखा वळतो. मग हे त्याच्यावर मोठा नकाशांचा ग्रंथ ठेवतात, ग्रंथावर इस्त्री ठेवतात, आणि रात्रभर दाबून सरळ करतात. दुसरा जुना, मागे पोस्टकार्डाच्या रेघा छापलेला. एका बंद होणाऱ्या दुकानातून आणलेला. मुदत कधीच संपलेली, त्यामुळे पांढरं म्हणून त्यावर काही येतच नाही, सगळं राखेच्या रंगाचं.

"ह्यावर आक्काची चादर मळकी दिसेल," हे म्हणाले. "ती म्हणेल, धुतलेली नाही."

"म्हणतीलच," मी म्हटलं. "आणि तिसरा?"

"तो प्लास्टिकचा. आर.सी. धुवायला सोपा, वळत नाही, पोस्टात टिकतो. पण पाठ बघ." त्यांनी मागची बाजू माझ्या बोटाला लावली. मेणकापडासारखी गुळगुळीत होती. "शाई पीत नाही हा."

"मग बॉलपेनने लिहा."

"आक्काला बॉलपेनने लिहू?" ह्यांच्या मते बॉलपेन दूधवाल्याच्या हिशेबासाठी असतं.

"मग शाईने लिहा आणि वाळू द्या. पण हाच घ्या. तासभर नळ चालवून न्हाणीघर अडवायचं नाही, आधीच सांगते. मलाही आंघोळ असते."

हे प्लास्टिकचा कागद घेऊन आत गेले. कार्डं सुंदर झाली. चादरीवरची प्रत्येक सुरकुती दिसत होती.

संध्याकाळी ह्यांनी लिहायला घेतलं. ह्यांची पद्धत ठरलेली: कार्ड पालथं ठेवायचं, पाठीवर लिहायचं, शाईवर फुंकर मारायची, बाजूला सरकवायचं, आणि पुढचं कार्ड लिहून त्याच्यावर तसंच पालथं रचायचं. आधी घड्याळजी, कारण घड्याळं दुरुस्त करणारा हा गृहस्थ मंडळात ह्यांचा सगळ्यात जवळचा मित्र. मग आक्का. मग दातांचे डॉक्टर. मग बाकीचे. गठ्ठा झाल्यावर हे उठले, नकाशांचा ग्रंथ आणला, गठ्ठ्यावर ठेवला, ग्रंथावर इस्त्री ठेवली, आणि जेवायला आले. फोटो दाबून ठेवायचे असतात, म्हणून दाबले. हा कागद मुळात वळतच नाही आणि त्याच्या पाठीवरची शाई नुसती वरवर सुकलीय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

सकाळी तिकिटं मी लावली. गुळगुळीत पाठीवर ती धरेनात, म्हणून खळ लावली. पत्ते वरच्या बाजूला होते, मी गठ्ठा तसाच उचलून पेटीत टाकला. एकही कार्ड उलटून बघितलं नाही. फोटो मी आधीच बघितलेला होता ना.

आक्कांचं उत्तर साध्या कार्डावर आलं. "खोली मिळाली. ऊन छान येतं. तुम्ही माझ्यासाठी घाई करू नका. माझं इकडेच कुठेतरी जमेल असं दिसतं. तब्येतीला जपा."

ह्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं. "अशी कशी म्हणते? परवापर्यंत तर यायला तयार होती."

"असेल काहीतरी बघितलेलं," मी म्हटलं. "त्यांना त्यांचं समजतं."

आणि मला हायसं वाटलं. मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायचं तर ते हेच. टेबल अजून बाहेरच्या खोलीत वाटेत आडवं उभं होतं आणि ते परत आत कसं न्यावं ह्याचा विचार मी करायला लागले होते. चौकटीत अडकू नये म्हणून ह्या वेळी पाय आधी घालायचे, इथपर्यंत.

मग दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. फोन मीच उचलला.

"वहिनी, फोटो सुरेख आलाय हो. पण तुमच्या पलंगावर कुणीतरी पत्र लिहून ठेवलंय."

"पलंगावर?"

"चादरीवर. निळ्या शाईत, उलट्या अक्षरांत. आमच्या धंद्यात आरसा हाताशीच असतो, म्हणून धरून बघितला. 'आक्का, ही तुझी खोली. लवकर ये.' आधीच्या कार्डाची शाई उमटलेली दिसतेय. साहेबांना सांगा, प्लास्टिकवर शाई चालत नाही म्हणून." ते हसले. "आल्या का आक्का?"

"नाही अजून," म्हणून मी फोन ठेवला. ह्यांना सांगितलं तर आधी हेसुद्धा हसले. "असं झालं होय! म्हणजे डॉक्टरांच्या कार्डाखाली आक्काचं कार्ड होतं." आणि मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. "आणि आक्काच्या कार्डाखाली घड्याळजीचं."

"काय लिहिलं होतंत घड्याळजींना?"

ते शाईच्या बाटलीचं झाकण फिरवायला लागले.

"अहो, काय लिहिलं होतंत?"

"तुझंच ते. टेबल काढताना म्हणालीस ते. मला आवडलं होतं ना..."

तरी माणूस आशा सोडत नाही. मी म्हटलं, प्रत्येक कार्डावर थोडीच उमटलं असेल? हे म्हणाले, करून बघू. फोटोवाला माणूस, चाचणी घेतल्याशिवाय त्याला दुःखसुद्धा करता येत नाही. दोन कार्डं उरली होती. एकाच्या पाठीवर ह्यांनी घड्याळजींना लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा लिहिल्या. फुंकर मारली. दुसरं कार्ड त्यावर पालथं ठेवलं. ग्रंथ ठेवला. इस्त्री ठेवली. आणि आम्ही दोघं टेबलाशी, एखाद्याला आत ऑपरेशनला नेलंय तसे, हात मांडीवर ठेवून बसलो.

कार्ड उचललं तेव्हा चादरीवर निळे फराटे होते. पहिल्या ओळी पुसट, पण शेवटची, उशिरा लिहिलेली, म्हणून जास्त ओली राहिलेली ओळ ठसठशीत. मला उलटं वाचता येत नाही. मी ते कार्ड बेसिनवरच्या आरशासमोर धरलं. "आक्का कायमची राहायला येतेय. पाहुणे निदान परत जातात. ही जाईल ती एकदाच." कार्डाच्या वर आरशात माझं तोंड होतं. ज्या वाक्याची मला मजा वाटली होती ते वाक्य वाचताना ते तोंड कसं दिसतं हे मला बघावं लागलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं, नुसती बोलायची पद्धत आहे असं वाटायचं.

आणि आक्कांना तर आरसाही लागला नसणार. कार्ड दारातून उचलतानाच वाचलं असेल त्यांनी.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने निघालो. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. वाटेत हे म्हणाले, "तू काही बोलू नकोस. अक्षर माझं आहे, मी लिहिलंय, मीच माफी मागतो. तुझं नावही निघणार नाही."

मी म्हणायला हवं होतं, असं कसं. मी म्हटलं, "बरं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्या सबंध प्रवासात हे एक "बरं" माझ्या घशात कुसळासारखं टोचत होतं, पण मी ते बाहेर काढलं नाही.

आक्कांची खोली दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. भिंतींवरचं सगळं उतरवलेलं, खिळ्यांची भोकं तेवढी राहिलेली. मधोमध दोरीने बांधलेली खोकी. आक्का एका खोक्यावर बसून वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होत्या. आम्हाला बघून उठल्या. "अरे! कळवायचं तरी. बसा. चहाच्या कपबश्या नुकत्याच बांधल्या बघ." आणि गुंडाळलेलं सगळं परत सोडायला लागल्या.

"आक्का, राहू दे चहा," हे म्हणाले.

"चहा राहू दे म्हणे. इतक्या लांबून येऊन?"

त्यांनी चहा केला. मी अवघडून उभी होते. एरवी मी आल्या आल्या म्हणाले असते, एवढी खोकी? कंजूष माणसाकडे एवढं सामान कुठून आलं? आणि त्यांनी मला सुनावलं असतं. त्या दिवशी त्यांनी मला "बस हं" म्हटलं. "बस हं." पाहुणीला म्हणतात तसं.

चहा संपला. ह्यांनी कप खाली ठेवला. "आक्का, ते कार्ड. त्याच्यावर जे उमटलं... ते मी लिहिलं होतं. घड्याळजीला. गंमत म्हणून. मला माफ कर."

आक्का उरलेल्या कागदाची घडी घालत होत्या. "अक्षर तुझंच आहे," त्या म्हणाल्या. "वेलांट्या अजून तशाच वाकड्या."

"हो."

"पण वाक्य तुझं नाही, बाळ्या."

"माझंच आहे गं."

"तुला गंमत करता येत नाही. लहानपणापासून बघतेय. तू सांगायच्या आधीच हसतोस आणि मग शेवट विसरतोस." घडीवरून त्यांनी नख फिरवलं. "आयुष्यभर लोकांची वाक्यं जुळवली मी. लेखक नाव टाकायला विसरला तरी कुणाचं कुठलं ते मला कळायचं."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. एकदा डोळ्याला डोळा भिडला की मला भांडता येतं, रडता येतं, काहीतरी करता येतं. त्या घडीकडेच बघत राहिल्या आणि हे खाली मान घालून बसले, माझ्यासाठी खोटं बोलून उघडे पडलेले. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "माझं आहे ते."

"माहीत आहे," आक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "चांगलं जमलंय. एक शब्द काढायला जागा नाही."

मला एकदम हुंदका आला. मी म्हटलं, टेबल अडकलं होतं, बोट चेपलं होतं, मी चिडले होते. म्हणता म्हणताच कळत होतं की मी एका बोटाची तक्रार त्या बाईकडे करतेय जिचं घर गेलंय. हे म्हणाले, "आक्का, तू आमच्याकडेच यायचं. आजच चल. नाहीतर मला झोप लागणार नाही."

"तुझ्या झोपेसाठी नाही येत मी," आक्का म्हणाल्या. हे वाक्य मात्र जुन्या आक्कांचं होतं आणि क्षणभर मला वाटलं, झालं, आता भांडतील आणि सगळं सुरळीत होईल. पण त्या थांबल्या. "इकडे जमेल असं लिहिलं होतं ना मी तुम्हाला. खूप विचारून बघितलं. बायकांच्या वसतिगृहात जागा नाही, नाव लिहून घेतलंय म्हणाले. छापखान्यातली मैत्रीण मुलाकडे गेली. वरच्या मजल्यावरची म्हणाली, चार दिवस राहा. चार दिवसांनी काय करू?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "परवा किल्ली द्यायची आहे. दुसरीकडे सोय झाली असती तर आले नसते. येते मी."

येते मी, म्हणाल्या. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते झालं. ह्यांनी डोळे पुसले आणि टेम्पो बघायला खाली गेले.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. आक्कांनी एका खोक्याची दोरी सोडली आणि विचारलं, "खोलीत कपाट आहे ना? त्यातला कुठला खण मी घेऊ? तेवढंच घेते, बाकीचं इथे देऊन टाकते."

"सगळं कपाट तुमचं आहे, आक्का. सगळं आणा."

"सगळं कशाला. दोन साड्या जास्त झाल्या तरी अडचण होते." त्यांनी पितळेचं एक मोठं पातेलं बाजूला ठेवलं, मग एक घोंगडी, मग भिंतीवरचं घड्याळ. "आणि न्हाणीघर तुम्हाला कधी लागतं ते सांगून ठेव. मी त्याच्या आधी उरकत जाईन. बाळ्याचे फोटो चालू असतील तर मी थांबेन, मला काही घाई नसते."

ह्याच बाई एकदा आमच्या न्हाणीघराचं दार धडाधडा वाजवून ओरडल्या होत्या, "बाळ्या, तुझा काळा नंतर काळा कर, मला आत यायचंय!" सगळा जिना हसला होता.

मी ते पातेलं उचलून परत खोक्यात घातलं. त्यांनी ते शांतपणे बाहेर काढलं. मी परत घातलं. एरवी ह्यावरून आमची केवढी जुंपली असती. त्या नुसत्या हसल्या, परक्या माणसाशी हसतात तसं, आणि पातेलं खोक्यात राहू दिलं. मला ते सोसेना. मी खाली बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. हाताच्या बोटांची टोकं अजून काळपट होती.

"आक्का, मला बोला. काहीही बोला. शिव्या द्या, तुमच्या तोंडाला येईल ते बोला. मी चुकले, मला ऐकवा. असं करू नका."

त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर मी तो पदरात घेतला असता.

"आता कशी बोलू गं?" त्या म्हणाल्या. "आता मला तुझ्याच घरात राहायचंय."

खालून ह्यांची हाक आली, टेम्पो मिळाला म्हणून. आक्कांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "घट्ट धर हं," आणि गाठ मारायला वाकल्या.